कोकणच्या खाड्यांत आणि किनाऱ्यावर गाईडसोबत गळाची मासेमारी: कधी जावे, कोणाबरोबर जावे?

प्रश्न: दर्याची ओढ

नमस्कार मंडळी. धरणांच्या जलाशयांत बोया लावून रोहू-कटला गरवण्याचा मला बऱ्यापैकी सराव आहे, परंतु खाऱ्या पाण्याचा अनुभव जवळजवळ नाही. येत्या पावसाळ्यानंतर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सलग काही दिवस काढून, जाणकार गाईडच्या सोबतीने खाडीत जिताडा आणि तांबोशी व जमल्यास समुद्रात सुरमई गरवावी, असा विचार आहे. माझे मेहुणे आणि चौदा वर्षांची मुलगी बरोबर असतील. मुलीला पोहता येते, पण होडीचा अनुभव नाही.

समाजमाध्यमांवर अशा सहलींच्या जाहिराती पुष्कळ दिसतात आणि जवळपास प्रत्येक जाहिरातीत मोठा मासा छातीशी धरलेला कोणीतरी असतो. त्या छायाचित्रांवरून गाईडची पारख कशी करावी, हे मला उमगत नाही. कोणता ऋतू आणि कोणत्या तिथ्या निवडाव्यात, होडीविषयी आणि परवान्यांविषयी आधी काय विचारून घ्यावे, आणि परतताना सह्याद्रीतल्या एखाद्या नदीवर महाशीर गरवण्याची काही अधिकृत सोय आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. नियमांचा भंग होईल किंवा स्थानिक मच्छीमारांना त्रास होईल असे काहीही आमच्या हातून होऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे.

उत्तर: खाडीकाठ

तुमच्या प्रश्नांपैकी तिथीचा प्रश्न मी आधी घेतो, कारण खाडीतल्या गरवण्याचे यश मुख्यतः तिच्यावर अवलंबून असते आणि गाईड किती पाण्यात आहे हेही तिच्यावरूनच सर्वांत लवकर कळते.

भरतीचे पाणी कांदळवनात शिरते तेव्हा कोळंबी आणि बोयसारखे लहान मासे मुळांच्या आत पांगतात. ओहोटी लागली की त्यांना अरुंद नाळांमधूनच बाहेर पडावे लागते आणि जिताडा नेमका त्या नाळेच्या तोंडाशी, पुलाच्या खांबाच्या आडोशाला किंवा बुडालेल्या ओंडक्यामागे, म्हणजे स्वतःला प्रवाहाशी झगडावे लागू नये पण भक्ष्य मात्र समोरून वाहत यावे अशा जागी दबा धरून थांबतो. म्हणून खाडीत केवळ जागा माहीत असून भागत नाही. ती जागा ओहोटीच्या कोणत्या तासाला चालते, हे माहीत असावे लागते. हे ज्ञान एकाच खाडीत वर्षानुवर्षे वावरलेल्या माणसाकडेच असते आणि गाईडला आपण पैसे देतो ते मुख्यतः यासाठी. रॉड, रीळ आणि आमिषे तर बाजारात विकत मिळतात.

आपल्याकडे दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा जुना हिशेब आजही उपयोगी आहे. अष्टमीला तो आठ पाऊणे सहा असा येतो, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि बारा वाजता ओहोटी संपते. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याला अधिक लागू पडतो; दक्षिणेकडे भरती मुंबईच्या आधी येते, त्यामुळे मालवणकडे वेळ तेवढी अलीकडे धरावी आणि अंतिम वेळ भरती-ओहोटीच्या अधिकृत तक्त्यातूनच पाहावी.

आता यातून तुमच्या उपयोगाचे काय निघते ते पाहा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याचा ओढ फार असतो, तळाचा गाळ ढवळला जातो आणि लाकडी किंवा प्लास्टिकची खोटी मासळी, ज्याला आपण सगळे लूअर म्हणतो, ती गढूळ पाण्यात माशाला दिसत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते. ओढ मंद, पाणी त्यातल्या त्यात नितळ, आणि सूर्योदयाबरोबर ओहोटी सुरू होऊन सकाळभर चालते, म्हणजे प्रकाश, गारवा आणि उतरते पाणी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळतात. नवशिक्याने खाडीत लूअर टाकण्यासाठी षष्ठी ते नवमी हे दिवस धरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उधाणाच्या दिवसांत मोठा जिताडा लागत नाही असे अजिबात नाही, पण तेव्हा जिवंत कोळंबी किंवा बोय लावून ठरावीक जागी धीर धरावा लागतो आणि ते काम सरावाचे आहे.

ऋतूविषयी थोडक्यात सांगतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. ऑगस्टमध्ये बंदी उठली तरी समुद्र शांत झालेला नसतो आणि नद्यांचे गढूळ पाणी खाडीमुखापर्यंत येतच राहते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून पाणी निवळते. जिताडा उबदार पाण्यात अधिक चपळ असतो, त्यामुळे माझ्या अनुभवात ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर आणि पुन्हा फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंतचा काळ त्याच्यासाठी चांगला. समुद्रातल्या सुरमईसाठी हिवाळा उत्तम. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो तोवर पाणी सपाट राहते आणि दुपारनंतर खारा वारा सुटला की लाट उठते, म्हणून समुद्राची फेरी पहाटे निघून दुपारच्या आत परत येईल अशीच आखावी.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचाही काळ आहे. नोव्हेंबर २००९ मधले ‘फयान’ याच दिवसांत कोकणावर आले होते. हवामान विभागाचा इशारा आणि ‘इन्कॉइस’ या हैदराबादच्या संस्थेचा लाटांचा अंदाज, हे दोन्ही निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पाहावेत आणि बंदरावर धोक्याचा बावटा लागलेला असेल तर गाईड कितीही आश्वासन देत असला तरी होडीत पाय ठेवू नये.

उत्तर: तांडेलाचा मुलगा

खाडीकाठ यांनी पाण्याची बाजू उत्तम मांडली आहे. माझ्या घरी तीन पिढ्या होडी आहे, त्यामुळे होडीची आणि माणसांची बाजू मी सांगतो.

सर्वप्रथम हे लक्षात घ्या की मासेमारीसाठी नोंदवलेली होडी आणि पैसे घेऊन प्रवासी नेण्याची परवानगी असलेली होडी या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मासेमारी नौकांचे नियमन १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली मत्स्यव्यवसाय विभाग करतो, तर प्रवासी नौकांचा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाकडून मिळतो. गाईडला फोनवरच शांतपणे विचारावे की होडी कोणत्या नोंदणीची आहे, किती माणसांची परवानगी आहे आणि प्रवाशांचा विमा आहे का. प्रामाणिक माणूस या प्रश्नांनी दुखावत नाही. जो उडवाउडवीची उत्तरे देतो किंवा ‘इथे कोण विचारतो’ म्हणतो, त्याच्याकडे सुरक्षा जॅकेटही मोजकेच असण्याची शक्यता अधिक. मुलीसाठी तिच्या मापाचे जॅकेट आहे का हे वेगळे विचारून घ्यावे, कारण मोठ्यांचे जॅकेट सैल बसले तर पाण्यात ते मानेवरून वर सरकते आणि त्याचा उपयोग राहत नाही. खुल्या समुद्रात जाणार असाल तर होडीवर बिनतारी संच आणि पर्यायी इंजिन किंवा निदान वल्ही असावीत. पोलिसांची तपासणी होते, म्हणून प्रत्येकाने ओळखपत्र जवळ ठेवावे.

छायाचित्रांवरून पारख कशी करावी, हा तुमचा प्रश्न मला फार योग्य वाटला. मोठा मासा दाखवणारे छायाचित्र फक्त एवढेच सांगते की तो मासा एके दिवशी लागला. त्यापेक्षा गाईडला असे विचारा: ‘आम्ही ठरवलेल्या दिवशी पाणी चांगले नसेल तर तुम्ही काय कराल?’ जो माणूस तारीख बदलायला सांगतो, खाडी बदलतो किंवा स्पष्ट सांगतो की त्या तिथीला येऊ नका, तो पाणी जाणतो आणि तुमच्या पैशांची कदरही करतो. जो ‘कधीही या, मासा नक्की लागेल’ असे म्हणतो, त्याला टाळावे. तुम्हाला जो मासा हवा आहे तो ठेवायचा की सोडायचा, याविषयी त्याचा काय नियम आहे हेही विचारावे. त्याला मुळात नियम आहे की नाही, हे उत्तराच्या सुरावरून कळेल. पैसे होडीमागे ठरवावेत, माशामागे किंवा माणसामागे नाही. आणि वारा उठल्यामुळे फेरी रद्द झाली तर पैशांचे काय, हे आधीच बोलून घ्यावे, म्हणजे समुद्र खराब असताना केवळ आगाऊ रक्कम बुडेल या भीतीने दोन्ही बाजूंपैकी कोणीही हट्ट धरणार नाही.

आता मच्छीमारांविषयी. खाडीत डोल, म्हणजे प्रवाहात रोवलेले पिशवीसारखे जाळे, लावलेली असते, किनाऱ्यावर रापण ओढली जाते, समुद्रात जाळी सोडलेली असतात आणि त्यांच्या खुणेचे बोये तरंगत असतात. त्या जाळ्यांच्या आसपास मासा असतो हे खरे, पण तेथे गळ टाकल्यास लूअरचे तिकटी गळ जाळ्यात अडकतात, जाळे फाटते आणि ज्याचे पोट त्यावर आहे त्याचा दिवस वाया जातो. चांगला गाईड अशा जागेपासून स्वतःहून दूर राहतो. रापण चालू असेल तर त्या किनाऱ्यावर गरवायला उभे राहू नये. थांबून पाहावे, हवे तर दोर ओढायला हात लावावा. आमच्याकडे त्याचे कोणालाही अप्रूपच वाटते.

जागांबाबत दोन बंधने पक्की लक्षात ठेवा. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आणि गाभा सुमारे ३ चौरस किलोमीटरचा असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा परिसर त्यात येतो. तेथे गळ टाकण्यापूर्वी वनविभागाचे काय म्हणणे आहे हे गाईडने तुम्हाला दाखवून दिले पाहिजे, केवळ तोंडी सांगून चालणार नाही. दुसरे असे की, वाशिष्ठी आणि सावित्री या नद्यांत मगरी आहेत. चिपळूण आणि महाडच्या परिसरात त्या काठावर सहज दिसतात. काठावरून गोड्या किंवा मचूळ पाण्यात गरवताना गुडघाभर पाण्यात उतरू नये आणि मुलांना काठाला बसवून मासे धुवायला देऊ नये. वाशिष्ठीत पोफळीच्या वीजगृहातून कोयनेचे पाणी येते, त्यामुळे पाऊस नसतानाही पाण्याची पातळी वर-खाली होते, हेही ध्यानात असू द्या.

मुलगी बरोबर आहे म्हणून आणखी थोडे. टोपी आणि चष्मा प्रत्येकाने घालावा, कारण लूअर फेकताना मागे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला सर्वाधिक धोका असतो. शेंगाळा (मिशांचा काटेरी मासा) लागला तर त्याला हाताने धरू नये. त्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या काट्यांना विष असते आणि काटा घुसल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात, त्यानंतर डॉक्टरांकडे जावेच. वाळूच्या उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी घासत न्यावा, म्हणजे वाळूत दडलेले पाकट आधीच सरकते. गळाला समुद्री साप लागल्यास तो सोडवण्याचा प्रयत्न न करता दोरा कापून टाकावा.

उत्तर: नदीकाठ

महाशीरविषयीचा प्रश्न मी घेतो, आणि त्याचे माझे उत्तर असे आहे की या सहलीत महाशीर गरवण्याचा बेत ठेवू नये. असे का म्हणतो, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण हा मासा आपल्या नद्यांशी फार जवळून जोडलेला आहे.

दख्खनच्या महाशीरचे पहिले शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये विल्यम हेन्री साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केले. आज त्या नदीच्या शहरातल्या पात्राकडे पाहिल्यावर यावर विश्वास बसणे कठीण जाते. हा मासा स्वच्छ, खळाळत्या, भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यात राहतो आणि पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला चढतो. धरण आडवे आले की ही वाट तुटते, वाळू उपसली की अंडी रुजण्याची जागा जाते, आणि उरलेल्या डोहांत सुरुंगाने किंवा विषाने मासे मारले की पिढीच संपते. सुरुंग आणि विष या दोन्हींना १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून बंदी आहे, तरी दोन्ही प्रकार थांबलेले नाहीत.

सह्याद्रीच्या पायथ्याशी जे डोह टिकले आहेत ते मुख्यतः गावकऱ्यांच्या श्रद्धेमुळे. महाडजवळ काळ नदीवरचा वाळण कोंड आणि वाडा तालुक्यात वैतरणेवरचे तिळसे येथे देवाचे म्हणून मासे राखले जातात, त्यांना खाऊ घातले जाते, आणि तेथे गळ टाकण्याचा विचारही करू नये. अशा जागी ‘फक्त पकडून सोडतो’ असे म्हणणारा गाईड भेटल्यास त्याच्याबरोबर समुद्रावरही जाऊ नये, असे मी म्हणेन. जलाशयांबाबत सांगायचे तर बहुतेक ठिकाणी मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्या संस्थेची आणि जलसंपदा विभागाची संमती असल्याशिवाय गळ टाकणे योग्य नाही. हे तुम्हाला रोहू-कटल्याच्या अनुभवातून ठाऊक असेलच.

याच संदर्भात कावेरीचा अनुभव आपल्या सर्वांनी समजून घेण्यासारखा आहे. कर्नाटकात भीमेश्वरी, गलिबोरे आणि दोड्डमकळी येथे कावेरीच्या काठी गळाच्या मासेमारीचे तळ होते. तेथे पकडलेला महाशीर सोडून द्यावा असा नियम होता, आसपासच्या गावांतली माणसे, त्यांतले काही पूर्वी चोरटी मासेमारी करणारे, गाईड आणि राखणदार म्हणून कामाला होती, आणि त्यांच्या वावरामुळे सुरुंग लावणाऱ्यांना तेवढ्या पात्रात वचक बसला होता. पुढे वन्यजीव कायद्याच्या कारणाने अभयारण्यातली ही मासेमारी बंद झाली. गलिबोरेच्या तळावर १९९८ ते २०१२ या काळात कोणी किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, त्याचे वजन किती, याच्या नोंदी ठेवलेल्या होत्या. २०१५ मध्ये संशोधकांनी त्या नोंदी तपासल्या तेव्हा लक्षात आले की महाशीरांची एकूण संख्या वाढत गेली, पण कावेरीचा मूळचा कुबड असलेला, प्रचंड वाढणारा महाशीर मात्र जवळजवळ नाहीसा झाला. त्याची जागा दख्खनच्या महाशीरने घेतली होती, आणि हा मासा कावेरीत आला तो लोणावळ्याच्या वळवण येथील टाटांच्या केंद्रात तयार झालेल्या पिल्लांच्या रूपाने, संवर्धनाच्या चांगल्या हेतूने सोडलेला. २०१८ मध्ये त्या कुबडवाल्या महाशीरची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त ठरला. दख्खनचा महाशीर मात्र त्याच वेळी कमी चिंतेच्या गटात गेला.

लोणावळ्याच्या केंद्राने आपल्याकडच्या महाशीरसाठी केलेले काम मोठे आहे आणि त्याविषयी मला आदर आहे. तरीही एका खोऱ्यातला मासा दुसऱ्या खोऱ्यात सोडू नये, हे कावेरीने दाखवून दिले. तुमच्या कामाची गोष्ट अशी की हा सारा बदल कळला तो गळ टाकणाऱ्यांच्या आणि गाईडच्या वह्यांमुळे. तुमच्या गाईडकडे अशी वही आहे का ते विचारा. नसेल तर तुम्ही स्वतः दिवस, तिथी, जागा, गळ टाकल्याचे तास, माशाची लांबी, आणि सोडला की ठेवला, एवढे लिहून काढा आणि त्याची एक प्रत त्याला द्या. ज्या दिवशी काहीच लागले नाही तो दिवसही लिहावा. केवळ यशाच्या नोंदींतून पाण्याची स्थिती कळत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद: दर्याची ओढ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. महाशीरचा विचार सोडून दिला आहे आणि नोंदवहीची सूचना मुलीला फार आवडली; ते काम तिच्याकडेच दिले आहे. आता एकच प्रश्न उरतो. मेहुण्यांचे म्हणणे असे की खाण्याजोगा मासा पकडून सोडून देणे म्हणजे त्याला विनाकारण यातना देणे, आणि सोडलेला मासा बहुधा मरतोच, तेव्हा पकडलेला मासा घरी आणावा. मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे खोडता येत नाही. सोडलेला मासा खरोखर जगतो का, आणि कोणता ठेवावा, कोणता सोडावा हे कसे ठरवावे?

उत्तर: सागरजीव

तुमच्या मेहुण्यांचा आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखा आहे. मासा जगेल की नाही हे जातीवर, पाण्याच्या खोलीवर, गळाच्या प्रकारावर आणि हाताळणीवर अवलंबून असते, त्यामुळे ‘सगळे सोडा’ आणि ‘सगळे आणा’ ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात.

जिताड्यापासून सुरुवात करू. हा मासा आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो आणि काही वर्षांनी, साधारणतः ऐंशी सेंटिमीटर ते एक मीटर लांबीच्या टप्प्यावर, त्याचे मादीत रूपांतर होते. याचा अर्थ असा की खाडीतला मोठा जिताडा जवळजवळ नेहमीच मादी असतो आणि एकेक मोठी मादी लक्षावधी अंडी घालते. छायाचित्रासाठी जो मासा सर्वांना हवासा वाटतो, नेमका तोच खाडीला सर्वांत जास्त हवा असतो. जिताडा उथळ पाण्यात लागतो, चिवट असतो आणि नीट हाताळल्यास चांगला जगतो. म्हणून मोठा जिताडा सोडावा, अगदी लहानही सोडावा, आणि घरी न्यायचाच असेल तर मधल्या आकाराचा एखादा न्यावा. व्यावसायिक महत्त्वाच्या माशांसाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये किमान आकार ठरवून दिले आहेत. ती यादी गाईडने जवळ ठेवावी अशी अपेक्षा करणे योग्यच आहे.

समुद्रातल्या खडपावर, म्हणजे खडकाळ तळाशी, राहणाऱ्या हेकरू माशाचे नेमके उलट असते: तो आधी मादी असतो आणि पुढे नर होतो. मोठे हेकरू वेचून काढले तर त्या खडपावर नरच उरत नाहीत. शिवाय हेकरू खोल पाण्यातून झपाट्याने वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, पोट तोंडाकडे सरकते, डोळे बाहेर येतात, आणि असा मासा पृष्ठभागावर सोडला तर तो खाली जाऊच शकत नाही. वजन लावून त्याला पुन्हा खोलवर नेणारी साधने मिळतात. ती होडीवर नसतील तर खोल खडपावर गरवायचेच नाही, हा अधिक स्वच्छ मार्ग आहे. तांबोशीची पिल्ले खाडीतल्या मुळांत वाढतात आणि मोठी झाल्यावर समुद्रातल्या खडपाकडे जातात, त्यामुळे खाडीत लागणारी तांबोशी बहुधा अजून एकदाही न व्यालेली असते आणि ती सोडणेच इष्ट. सुरमई मात्र हाताळणी फारशी सोसत नाही. ती वेगाने झुंजते, लवकर थकते आणि सोडल्यावरही पुष्कळदा वाचत नाही. म्हणून मेहुण्यांच्या ताटासाठी सुरमई हे माझे उत्तर आहे: घरच्यांना पुरेल एवढी एखादी घ्यावी, लगेच बर्फात घालावी आणि त्यानंतर सुरमईवर गळ टाकणे थांबवावे.

हाताळणीत तीन-चार गोष्टींनी फार फरक पडतो. आमिष लावून गरवताना वर्तुळाकार गळ वापरावा. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यातच बसतो आणि पोटात जात नाही. मात्र मासा ओढू लागला की रॉडला हिसका न देता दोरा सावकाश ताणावा, नाहीतर गळ निसटतो. लूअरच्या तिकटी गळांची उलटी टोके पक्कडीने दाबून टाकावीत; मुलीच्या बोटात गळ घुसला तरी तो सहज निघेल, हा त्याचा दुसरा फायदा. अतिशय बारीक दोऱ्याने तासभर झुंज लांबवण्यात शौर्य मानू नये, कारण कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो आणि दमलेला मासा सोडल्यानंतर मरतो. हात ओले करूनच मासा धरावा, कोरड्या फडक्याने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर पुसला जातो. त्याला जबड्याने उभा न टांगता पोटाखाली हात देऊन आडवा धरावा. छायाचित्र काढायचे असल्यास आधी कॅमेरा तयार ठेवावा आणि मगच मासा पाण्याबाहेर काढावा. आपण स्वतः जितका वेळ श्वास रोखू शकू त्याहून अधिक वेळ त्याला बाहेर ठेवू नये. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतः शेपटी मारून हातातून निघेपर्यंत आधार द्यावा.

गळाला मुशी (शार्क) किंवा पाकट जातीचे काही लागले आणि ओळख पटली नाही, तर ते होडीत घेऊच नये. करवती मासा आणि देवमुशी यांना वन्यजीव कायद्याचे पूर्ण संरक्षण २००१ पासून आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणखी काही मुशी व पाकटांचा त्यात समावेश झाला आहे. पाण्यातच दोरा जितका जवळून कापता येईल तितका कापून त्याला जाऊ द्यावे.

उत्तर: तांडेलाचा मुलगा

सागरजीव यांनी लिहिलेल्या गोष्टी होडीवर चढण्याआधी गाईडशी बोलून घ्या, मासा लागल्यावर नाही. मासा होडीजवळ आला की सगळ्यांचे हात घाईत असतात आणि तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, सवयीने आकडी (दांड्याला लावलेला मोठा आकडा) मारून तो वर घेतो. त्यात त्याचा काही दोष नसतो, त्याला लहानपणापासून मासा निसटू न देण्याचेच शिक्षण मिळालेले असते. त्याला सरळ सांगावे: ‘काका, मोठा जिताडा लागला तर आकडी नको, जाळीत घेऊ आणि सोडू.’ आणि हेही सांगावे की मासा सोडला म्हणून तुमचा मोबदला कमी होणार नाही. पुष्कळ ठिकाणी होडीवाल्याचा समज असतो की लागलेल्या मासळीत त्याचा वाटा आहे. तो समज आधीच स्पष्ट झाला तर दोघांनाही मोकळेपणा राहतो.

दिवस निवडताना शनिवार-रविवार जुळवण्याच्या नादात उधाण गाठू नका. कार्तिकातल्या शुद्ध किंवा वद्य अष्टमीच्या आसपासचे दिवस धरून आधी गाईडला विचारा आणि मगच सुट्टी टाका. पहिल्या सकाळी खाडी ठेवा, म्हणजे मुलीला शांत पाण्यात होडीची सवय होईल आणि रॉड फेकण्याचा सरावही होईल. समुद्राची फेरी त्यानंतर, वारा पाहून. दोन दिवस मोकळे हाताशी ठेवलेत तर वाऱ्यामुळे एक गेला तरी दुसरा मिळेल.